न सरकलेल्या रेषा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला सूर्यावर पाणी सापडलं, असं माझ्या मावशीने तिच्या नेपरव्हिल गावातल्या निदान पंधरा घरांत सांगून टाकलं होतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. मीच तिला तसं सांगितलं होतं, आणि तेही तिच्या किचनमध्ये उभ्याउभ्या चहा पिताना, घाईघाईने.

खरं म्हणजे सूर्यावर पाणी असणं ही काही नवी गोष्ट नव्हती. सूर्यावरचे डाग हा त्याचा त्यातल्या त्यात थंड भाग. थंड म्हणजे तीन-साडेतीन हजार अंश, पण तेवढ्यात पाण्याचे रेणू वाफेच्या रूपात कसेबसे तग धरतात. बाकीच्या सूर्यावर त्यांचे तुकडे होतात. हे रेणू प्रकाशातले ठरावीक रंग गिळतात, म्हणून डागाचा वर्णपट काढला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. अशा हजारो रेषांतल्या कितीतरी अजून अनोळखी आहेत. त्यांतल्या काहींची ओळख पटवणं हे माझं काम. न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावरच्या सौर दुर्बिणीतून मी एका मोठ्या डागाचा वर्णपट घेतला होता आणि आठ महिने स्क्रीनसमोर बसून चाळीसेक रेषा पाण्याच्या म्हणून लावल्या होत्या.

माझ्या गाइड साठीच्या पुढच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी माझे आलेख शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हे पाणी सूर्यावरचंच कशावरून? आपल्या डोक्यावरच्या हवेतही पाणीच आहे."

मी म्हटलं, हवेचा भाग मी काढून टाकलाय. डागाशेजारच्या स्वच्छ सूर्याचा वर्णपट घेऊन त्याने भागलंय. हवेच्या रेषा दोन्हीकडे सारख्याच असणार, त्या जातात. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते. त्यामुळे कडेजवळच्या डागाच्या रेषा किंचित सरकतात. हवा काही सूर्याबरोबर फिरत नाही. माझा डाग नेमका मधोमध होता, तिथे काहीच सरकत नाही.

"कडेचा डाग पकड," त्या म्हणाल्या. "सरकल्या तर सूर्याच्या. नाही सरकल्या तर आपल्या."

पकड म्हणणं सोपं होतं. डाग क्वचितच उमटतात असा सूर्याचा शांत काळ चालू होता. रोज सकाळी दात घासताना मी फोनवर सूर्याचा ताजा फोटो उघडायची आणि तो कोरा असायचा. आठवडेच्या आठवडे कोरा. दुर्बिणीवर मला चार दिवस मिळाले. चारही दिवस आकाश इतकं स्वच्छ की डोळे दुखावेत, आणि डाग एकही नाही. दुर्बीण चालवणारा म्हातारा ऑपरेटर आणि मी समोरासमोर बसून सँडविच खात होतो. तो तीस वर्षं हेच करत होता, त्याला घाई नव्हती. मला त्याचाही राग येत होता.

पुढच्या वेळी डाग आला, अगदी कडेवर. त्या दिवशी ढगही आले. ढग हटेपर्यंत डाग पार आत सरकला होता. मावशीचा दर रविवारी फोन यायचा आणि ती विचारायची, "पेपरात कधी येणार गं?" मी विषय बदलायची.

तिसऱ्या खेपेला, शेवटच्या दिवशी, दुपारी, पश्चिम कडेला एक छोटा डाग सापडला. ऑपरेटरने तो तासभर चिकाटीने धरून ठेवला. मी घरी येऊन दोन आठवडे रेषा मोजल्या. सहा रेषा सरकल्या होत्या. बाकी सगळ्या होत्या तिथेच.

मग मी पहिल्या वेळची वही काढली. स्वच्छ सूर्याचा वर्णपट सकाळी नऊला घेतला होता आणि डागाचा सव्वाबाराला. मधल्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: हवेत दमटपणा वाढतोय. लिहिलं होतं आणि पुढे गेले होते. तीन तासांत हवेतलं पाणी वाढलं होतं आणि ते वाढलेलं पाणीच मी आठ महिने सूर्याच्या नावावर टाकत बसले होते. ती वही भिंतीवर फेकावीशी वाटली. गाइडना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "सहा उरल्या ना?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मावशीकडे जेवायला गेले तर शेजारचे काका-काकू आधीच येऊन बसलेले. काकांनी उठून अभिनंदन केलं. मी सांगितलं, काका, ते पाणी बहुतेक इथल्याच हवेतलं निघालं. मावशीची मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "सो इट वॉज जस्ट एअर?" कोणी हसलं नाही.

"आता मी लोकांना काय सांगू?" मावशी पुटपुटली.

"तुला सांगायला कुणी सांगितलं होतं?" मी सगळ्यांसमोर म्हटलं.

मावशी भाताचं पातेलं घेऊन आत गेली. जेवण कसंतरी आटोपलं. संध्याकाळी तिनेच मला कारने ट्रेन स्टेशनवर नेलं. पार्किंगमध्ये तिने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "वीस मिनिटं आहेत. मला नीट सांग. तेव्हा तू सांगितलंस ते मला कळलंच नव्हतं."

मी सांगितलं. कड, फिरणं, सरकणं, सकाळचे नऊ आणि दुपारचे सव्वाबारा, सगळं. तिने मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले, आणि दुसरा गाइडनी विचारला असता असा होता: त्या सहा रेषा दुसऱ्या कडेला उलट्या बाजूला सरकतात का, ते पाहिलंस का? मी पाहिलं नव्हतं. पूर्व कडेचा डाग मिळालाच नव्हता. मी तिला सॉरी म्हटलं, आणि तेवढ्यात ट्रेन आली.

पूर्व कडेच्या डागासाठी आणखी सात महिने गेले. सहातल्या पाच रेषा टिकल्या. पेपर छापून आला, त्यात एक छोटा तक्ता, पाच ओळींचा. प्रबंधाचं सर्वांत लांब प्रकरण मात्र हवेतलं पाणी वर्णपटातून कसं काढावं याचं आहे. ते मी रागारागात लिहिलं, आणि ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्यांना आता तेच आधी वाचायला देतात.