मिटलेल्या डोळ्यांचा हेवा

थोरलीची सुई चालू झाली की वाटावं, चित्र कापडात आधीपासून होतंच, हिनं फक्त ते वर ओढून काढलं. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान. एक मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगती खुर्ची. आठवडाभर पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. पण रविवारी चर्चमध्ये शिरताना तिची चाल बदलायची. नटी रंगमंचावर येते तशी. कारण वेदीवरचं वस्त्र तिनं भरलेलं होतं.

हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन मेंढपाळ परत येतोय, असं ते चित्र. मेंढराचा एक कान काट्यात अडकून फाटलेला. त्या कानासाठी थोरलीनं कितीदा उसवलं आणि कितीदा भरलं, ते तिच्या बोटांनाच ठाऊक. एकदा गल्लीतल्या रंगाऱ्याला त्याच्या बायकोनं ओढतच उपासनेला आणलं. तो त्या फाटक्या कानापुढे उभा राहिला आणि ढसाढसा रडला. पुढच्या रविवारी आपण होऊन आला. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, माझ्या प्रवचनांना जे जमलं नाही, ते तुमच्या दोऱ्यानं केलं." थोरलीनं ते वाक्य घडी घालून मनात ठेवलं होतं. अधूनमधून उलगडून बघायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात धाकटी आली. बेकरीत काम करणारी, बोलताना अर्धे शब्द गिळणारी. तिला गाता येतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एका रविवारी ती गायला उभी राहिली. पहिलीच ओळ अशी अलगद वर गेली, की बाकांवरची कुजबुज जागच्या जागी थांबली. थोरलीनं मंडळींकडे नजर टाकली.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. रंगाऱ्याचेसुद्धा!

"काय गाते नाही?" घरी आल्यावर नवरा म्हणाला.

"हो ना. झापडच येते अगदी."

"झापड काय! लोक तल्लीन होतात, देवाजवळ जातात."

"डोळे उघडे ठेवून जाता येत नाही वाटतं देवाजवळ?"

नवऱ्यानं शहाणपणा करून बूट पुसायला घेतले.

त्यानंतर दर रविवारी तेच. थोरलीनं मेंढपाळाच्या काठीवर सोनेरी जर भरली, कुंपणाला नवी पानं फोडली. बघतो कोण? धाकटी गायची, लोक डोळे मिटायचे. थोरली एकटी टक्क उघड्या डोळ्यांनी बसायची, घासातला खडा चावल्यासारखं तोंड करून.

पुनरुत्थानाच्या रविवारसाठी पाळकसाहेबांनी गाणाऱ्यांचे पांढरे झगे तिच्याकडून शिवून घेतले. एकेकाला आरशासमोर उभं करून ती सांगायची, "श्वास भरून घे." गाणाऱ्याचं माप छाती फुगवूनच घ्यायचं, हे तिला पक्कं माहीत. धाकटीची पाळी आली. टेप पाठीमागून फिरवत थोरली अगदी प्रेमानं म्हणाली, "श्वास सोड बाई."

झगा बेतशीर बसला. बोट घालायला जागा नाही असा.

त्या रविवारी धाकटी पहिल्या गीताच्या मध्यावर आली. सूर वर चढायला लागला आणि तिथेच तुटला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा तुटला. लोकांनी डोळे उघडले. थोरली सरसावून बसली. हाच तर क्षण हवा होता! पण वेदीकडे कुणीच बघेना. माणसं झोपेतून हलवून उठवल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. रंगारी मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत बसला.

बायबलचं वाचन सुरू झालं तशी धाकटी बाजूच्या खोलीत गेली. थोरली मागोमाग.

"माझंच चुकलं जाऊबाई," धाकटी भिंतीला टेकून धापा टाकत होती. "बेकरीतले पाव खाऊन फुगले असेन. दर वेळी गाताना मी तुमच्या त्या मेंढराकडे बघते. त्याचा तो कान दिसला की गळा आपोआप मोकळा होतो. आज बघूनसुद्धा श्वास पुरेना."

म्हणजे इतके दिवस बघणारं कुणीतरी होतं. तेही हीच! आता हिचा धड रागही करता येईना.

"हात वर कर," थोरली म्हणाली आणि पर्समधून कात्री काढली. काखेपासून कमरेपर्यंत शिवण टराटरा उसवली.

"अहो, नवा झगा!"

"माप मी चुकीचं घेतलं. मुद्दाम."

धाकटीचा हात वरच राहिला. "मुद्दाम? का?"

"तू गायलीस की माझं काम कुणी बघत नाही, म्हणून."

धाकटीनं हात खाली घेतला. बाहेर ऑर्गनवर दुसऱ्या गीताची सुरावट सुरू झाली. "यापुढे माझ्यासाठी काही शिवायचं नाही तुम्ही," ती म्हणाली. एकही शब्द न गिळता. आणि डोळे पुसून बाहेर गेली.

तिनं गायला सुरुवात केली. श्वास घेतला की उसवलेली बाजू उघडायची, आतला बेकरीचा निळा सदरा दिसायचा, दोरे लोंबायचे. थोरलीच्या हातून आजवर इतकं वाईट काम कधी बाहेर पडलं नव्हतं, आणि ते वेदीच्या शेजारी, भर उजेडात उभं होतं. बाकांवर एकेकाचे डोळे मिटत गेले. हेवा अजून पोटात होताच, चांगला टुणटुणीत. तरी थोरलीनं दाराच्या चौकटीला घट्ट धरलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली:

"देवा, तिचा सूर असाच राहू दे. कुणाला डोळे उघडू देऊ नकोस रे. एवढं गीत संपेपर्यंत तरी."