पप्पांनी दगड ठोकून बघितला

मंडळी, ठाकुर्लीला घरी येऊन दोन तास झाले, तरी चैन पडत नाहीये. म्हणून लिहितेय.

आज सकाळी पप्पांना घेऊन इथून लांब एका आडबाजूच्या दरीत गेलेले. खाली नदी आणि दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे उभे षट्कोनी खांब, कुणीतरी एकाला एक लावून ठेवल्यासारखे. मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले.

पप्पांचं आयुष्य दगडखाणीत सुरुंग लावण्यात गेलं. त्यांनी एका खांबावर छोटा दगड ठोकला, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "अगं, हे तर आयतेच कापलेले आहेत. सुरुंगसुद्धा नको, पहार पुरे."

मी हसले. ते नाही हसले. हातातला दगड त्यांनी हळूच खाली ठेवला.

परतताना गाडीत अचानक बोलले, "फोटो टाक, पण जागेचं नाव नको टाकूस. मला जे दिसलं, ते अजून कुणालाही दिसेल."

फोटो टाकले, तेव्हापासून प्रत्येक जण लोकेशन मागतोय. आणि मी बसलेय ती बिल्डिंगही कुठल्यातरी डोंगराच्या खडीवरच उभी आहे ना?

सांगा, लोकेशन द्यायला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?