रक्त तपासायचं राहिलं

पलूसच्या शिवारात गुळवे ढीगभर, पण रस उकळून गूळ कधी उतरायचा हे नुसत्या वासावरनं सांगणारा नाथाजी एकटाच. लढाईवरनं परतलेला रांगडा गडी, कुणाचं ऐकंल तर शपथ! एकोणपन्नास सालच्या दिवाळीत त्याचा डावा पाय सुजून खांबागत झाला. शिरेत गुठळी झालीय, म्हणून सांगलीच्या डॉक्टरनं रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. वर बजावलं, दर आठवड्याला येऊन रक्त तपासायचं, मगच गोळी कमीजास्त करायची.

नाथाजी दोनदा गेला. दोन्ही खेपेला दंडातनं नळीभर रक्त काढलेलं त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, बघितलं. त्यात गुऱ्हाळ लागलं. दिवसभर चुलवाणापुढं राबणाऱ्या माणसाचं रक्तच काढून घ्यायचं, ही कसली रीत म्हणायची? तिनं ठणकावलं, "आवं, त्या सुईला आता जायाचं न्हाई. गोळ्या दिराकडनं सांगलीसनं मागवून मी देतीया की रोज."

नाथाजीला तेच हवं होतं. तोडलेला ऊस थोडाच थांबतो?

हरणाबाईनं एक दिवस चुकवला नाही. महिन्याभरानं दात घासताना त्याच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं, तर तिनं राखुंडीलाच शिव्या घातल्या आणि बाभळीची काडी आणून दिली. मग डोकं ठणकायला लागलं. "धुरानं दुखत आसंल," तो म्हणाला. तिला काही चैन पडेना. घरातनं गुऱ्हाळावर, गुऱ्हाळावरनं घरी, नुसत्या येरझाऱ्या.

तिसऱ्या दिवशी नाथाजी रस उकळायच्या काहिलीपाशी ओकला आणि मटकन खाली बसला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. बैलगाडीतनं स्टेशन, तिथनं रेल्वेनं सांगली. वाटभर ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन "बोला की, आवं बोला" म्हणत राहिली.

डॉक्टरनं डोळ्यांत बत्ती धरून बघितलं. "मेंदूत रक्तस्राव झालाय. रक्त फार पातळ झालं की असं होतं. तपासायला आला नाहीत, मग गोळ्या तरी बंद ठेवल्या होत्या ना?"

"न्हाई सायब. एक बी चुकवली न्हाई. माज्या हातानं दिल्या."

बोलता बोलताच तिला सारं उमगलं. नाथाजी शुद्धीवर होता, सगळं ऐकत होता. त्यानं डाव्या हातानं चाचपडत तिचं मनगट धरलं. हरणाबाईला वाटत होतं, यानं आपल्याला एक सणसणीत शिवी हासडावी. चौथ्या दिवशी तो गेला, तोवर त्याच्या तोंडातनं शब्द फुटला नाही.