तहसीलदारसाहेबांना न केलेला सलाम

जालना स्टेशनवर तहसीलदारसाहेब समोर आले, तेव्हा माझ्या पोटाला काचेच्या नळ्या बांधलेल्या होत्या. वरून शेरवानी. सगळ्या प्लॅटफॉर्मनं कमरेतून वाकून सलाम केला. मी एकटा ताठ.

निजामाच्या राज्यात नोकरी जायला एवढं पुरत असे.

मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. नळ्यांत अमीबा होते. रक्ताची आव होते ती या जंतूमुळे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण लाड जावयासारखे. अंडं फेटून नळीत तिरपं घट्ट करायचं, वर मिठाचं पाणी, चिमूटभर तांदळाचं पीठ. मग तो वाढतो. याला कल्चर म्हणतात. ऊब मात्र माणसाच्या अंगाइतकी लागते. गारठला की मेला.

हैदराबादच्या मोठ्या लॅबला आमचं कल्चर हवं होतं. दिवस थंडीचे. आमचा इनक्युबेटर म्हणजे रॉकेलवर चालणारी ऊबेची पेटी, तीही धूर सोडणारी. रेल्वेत कोण घेणार? डॉक्टरसाहेबांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाई ना? मंग बराबर आहे. बांधा पोटाला."

"पण साहेब, सांडलं तर?"

"नुसतं कापसाचं बूच आहे, सांडणारच. वाकू नका म्हणजे झालं."

म्हणून मी वाकलो नव्हतो.

"सलाम नहीं करते?" तहसीलदारसाहेब माझ्यापुढे थांबले.

"हुजूर, वाकता येत न्हाई. जंतू आहेत."

"पेट में? वो तो सबके पेट में होते हैं!"

"पोटात न्हाईत हुजूर. पोटावर आहेत."

त्यांनी मला शेरवानीची बटणं काढायला लावली. भर प्लॅटफॉर्मवर. नळ्या पाहून ते एक पाऊल मागे सरले.

"किसके हैं?"

मागे त्यांचाच खानसामा पोटात कळा येतात म्हणून दवाखान्यात आल्ता. इंजेक्शनं पुरी होईपर्यंत स्वयंपाकघरात पाय ठेवू नको, असं डॉक्टरसाहेबांनी त्याला बजावलं. तो पुन्हा फिरकलाच नाही. डॉक्टरसाहेबांनी तहसील कचेरीत पेशकारांच्या, म्हणजे साहेबांच्या कारकुनाच्या, कानावर घातलं. पेशकार म्हणाले, "साहेबांना दुसऱ्याच्या हातचं चालत न्हाई," आणि विषय संपवला. साहेबांना पत्ताच नव्हता. या क्षणी चपराशाच्या हातात चार पुडांचा डबा होता आणि कुर्म्याचा वास सुटला होता.

"हुजूर... आपल्याच खानसाम्याचे."

साहेबांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. मग स्वतःच्या.

"मुझे भी होंगे क्या?"

"तपासल्याशिवाय सांगता येत न्हाई, हुजूर."

गाडी आली. मी चढलो. साहेब चढले नाहीत. टांगा करून थेट दवाखान्यात गेले.

हैदराबादेपर्यंत मी भिंतीसारखा बसून होतो. तिथल्या अधिकाऱ्यानं मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि मान वर केली. "जिंदा हैं. और आप?"

परत आलो तेव्हा डॉक्टरसाहेब खुशीत होते. तहसीलदारसाहेबांच्या पोटातही अमीबा निघाले होते. साहेब आणि खानसामा शेजारी बसून इंजेक्शनं घेत होते. दोघेही बरे झाले. नव्या इनक्युबेटरसाठी आम्ही वर्षानुवर्षं अर्ज करत होतो. तो साहेबांच्या शिफारशीनं त्याच महिन्यात मंजूर झाला.

पुढे लॅबसाठी काही मागायचं असलं, की मी आधी मंजुरी देणाऱ्या साहेबांचीच तपासणी करून घ्यायला सुचवत असे.