भाऊबिजेचं हेड

एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला लावला तर पृथ्वी उलटी फिरायला लागेल, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या उल्हासनगरात एकच होता आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकखरेदीचे हिशेब त्यांच्याकडे होते. पुस्तकांसाठी येणारा पैसा काही एकगठ्ठा नसतो. रसायनशास्त्राचा वेगळा, मराठीचा वेगळा, अनुदानाचा वेगळा, कुणा शेठजींनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीचा वेगळा. अशा प्रत्येक वाट्याला म्हणायचं हेड, आणि प्रत्येक हेडला काकांनी एकेक कोड देऊन ठेवलेला. लग्नबिग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे सगळी माया त्या कोडांवर. सकाळी बदलापूरहून आले की पिशवी खुंटीला लावायच्या आधी मला म्हणायचे, "अगं, मराठी उपाशी आहे बिचारी. आणि ते गणित बघ, पोट फुटायला आलंय तरी सर पुस्तक मागत नाहीत." मार्चअखेर न खर्चलेला पैसा परत जायचा. त्या महिन्यात काका गणिताच्या सरांच्या मागे असे फिरायचे, की सर त्यांना पाहून जिना बदलायचे.

पण म्हणून गणिताचा उरलेला पैसा दुसऱ्याला द्यावा? छे! रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा गोडीगुलाबीने विचारून पाहिलं. काका चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले, "सर, शेजारणीच्या भाजीचा वास आवडला म्हणून आपण तिच्या पातेल्याचं झाकण काढतो का हो?" सर जे गेले ते परत त्या विषयावर बोलले नाहीत. हीच तऱ्हा घरच्या पैशाची. पगाराचे भाग पाडून वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे, डब्यांवर कोड. रिक्षाचा डबा रिकामा झाला की महिनाअखेरीस रणरणत्या उन्हात स्टेशनपासून पायी यायचे. वाणसामानाच्या डब्यात पैसे असायचे हो, पण ते तेल-तांदळाचे! एका पावसाळ्यात छत्री मोडली तर ती कपड्यांत धरायची की औषधांत, यावर ते विचार करत राहिले आणि तोवर भिजून तापाने पडले. मग औषधांत धरली. वर मलाच म्हणाले, "बघ, शेवटी बरोबर हेड सापडलं की नाही?"

आणि त्यांचा लाडका शब्द म्हणजे 'अडकवणे'. पुस्तकाची ऑर्डर गेली की पुस्तक येईपर्यंत तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवायची, तिला हात लावायचा नाही, याला ते म्हणत रक्कम अडकवणे. त्या रकमेसाठी प्राचार्यांचा शब्दही ते जुमानायचे नाहीत. "येणारं पुस्तक आलं आणि त्याला द्यायला घरात काही नसलं, तर त्यानं जायचं कुठे?" असं ते पुस्तकाविषयी बोलायचे, पाहुण्याविषयी बोलावं तसं. एकदा आमच्यातल्या एका लिपिकाने वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांची रक्कम नीट अडकवली, कोड टाकला, आणि ऑर्डरचे कागद मात्र खणातच ठेवून दिले. कित्येक महिने काका त्या पुस्तकांची वाट बघत होते. कागद सापडले त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ते ओरडले. "अरे, ऑर्डर धाडल्याशिवाय पुस्तक काय उडत येणार आहे? रक्कम अडकवून नुसतं बसायचं म्हणजे काय? त्या दुकानदाराला स्वप्न पडणार आहे का?" तो लिपिक रडकुंडीला आला. मग काकांनीच त्याला चहा पाजला, चहाच्या हेडमधून.

मला सख्खा भाऊ नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवाळीत मी म्हटलं, "काका, भाऊबिजेला अंबरनाथला आमच्याकडे या, मी ओवाळते तुम्हाला." मला वाटलं माणूस खूश होईल. एकटा जीव, बदलापूरच्या त्या दोन खोल्यांत सणावाराला कोण येतंय त्यांच्याकडे? पण काका एकदम अवघडले. "नको गं. ते हेड अडकलेलं आहे," म्हणाले आणि पोळीचा घास तसाच हातात धरून बसले.

मग हळूहळू कळलं. ग्रंथालयातल्या स्टीलच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा काकांचा खासगी. त्यात साड्या होत्या. दर दिवाळीला एक, दुकानाच्या कागदात तशीच बांधलेली, प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'भाबी'. म्हणजे भाऊबीज, बेबी. बेबी त्यांची धाकटी बहीण. इथल्याच एका सिंधी मुलाशी तिने लग्न केलं, कापडाचं दुकान होतं त्यांचं. वडिलांनी सांगितलं, या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. वडील अंबरनाथच्या कंपनीत फोरमन, घरातही फोरमनच. काकांची काय बिशाद? ओवाळणी घरात ठेवायची चोरी म्हणून साड्या कपाटात येऊन पडायला लागल्या. पुढे वडील वारले. तरी साड्या कपाटातच. बेबीचं घर आमच्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि हा माणूस रोज संध्याकाळी मान खाली घालून स्टेशनची वाट धरायचा. भाऊबिजेला म्हणे घरी पाट मांडून बसायचे, दार सताड उघडं ठेवून. कुणी आलं नाही की पाट उचलून भिंतीला लावायचे.

पुढच्या एका दिवाळीच्या आधी काका नवी साडी घेऊन आले. मोरपंखी, जरीच्या काठाची. मला दाखवली आणि म्हणाले, "यंदा येईल असं वाटतंय. रक्कम तर अडकवलीच आहे." मला हसू यायच्या ऐवजी एकदम रागच आला. मी म्हटलं, "काका, रक्कम अडकवलीत हो, पण ऑर्डर धाडलीत का कधी?"

काकांनी साडीच्या कागदाची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "अगं, ती राहिलीच की."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साडी काखेत मारून माझ्या टेबलापाशी उभे. "चल, हाती ऑर्डर द्यायची आहे. एकट्याने धीर होत नाही." बाहेर येऊन त्यांनी चक्क रिक्षा थांबवली. मी गमतीत विचारलं, "कुठल्या हेडमधून?" तर नुसतं, "बस गं," म्हणाले. कोड न सांगता खर्च करताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

बेबीच्या दाराला कुलूप होतं, आणि कुलपावर धूळ. शेजारच्या दारात एक सिंधी आजी पापड वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "वो लोग तो मकान बेचके चले गये, पिछले साल. इंदौर की तरफ. आप कौन?"

काका साडीचा कागद सारखा करत राहिले. मीच म्हटलं, "भाई हैं उनके."

आजींनी हातातला पापड खाली ठेवला. "आप हो वो भाई?" काकांकडे बघत म्हणाल्या. "बेबी हर भाऊबीज को थाली सजाके इधरिच बैठती थी, दरवाज़े में. मैं बोलती थी, बेटा, तू जाके बुला ना. बोलती थी, मैं कैसे जाऊँ, घर से निकाला है, आना तो उसको है."

मला रडू आलं. काकांना नाही. त्यांनी खिशातून कागद काढला, कॉलेजचा पत्ता नीट लिहिला, आजींच्या हातात दिला आणि हात जोडून म्हणाले, "कोई उधर जायेगा तो दे देना जी." परत येताना आम्ही पायीच आलो. गेटापाशी मी भीत भीत विचारलं, "काका, आता रद्द करायची का ऑर्डर?"

"रद्द कशाला?" ते म्हणाले. "गेली तर आत्ताच. पत्ता बदललाय फक्त." आणि मोरपंखी साडी खालच्या कप्प्यात, इतर साड्यांवर ठेवून दिली.

पुढे काका निवृत्त झाले. ग्रंथालयात कॉम्प्युटर आला आणि त्यांच्या कोडांच्या जागी नुसते आकडे आले. मराठी उपाशी आहे असं आता कुणी म्हणत नाही. टेबल रिकामं दिसतं ते मला अजून सोसत नाही. नव्या साहेबांनी कपाट आवरायला काढलं तेव्हा मी आडवी उभी राहिले. खालचा कप्पा अडकलेला आहे म्हटलं. साहेबांना वाटलं, दार गंजलंय.

दिवाळीच्या सुमारास काका येतात. पायीच. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून सगळ्या हेडांची चौकशी करतात, आणि टपालाचा गठ्ठा आला की बोलायचं थांबतात. मी गठ्ठा त्यांच्यासमोरच सोडते, एकेक पाकीट बघते आणि मान हलवते. गेल्या खेपेला निघताना दारातून परत आले आणि म्हणाले, "तुझ्या बदलीचं ऐकलं. जाशील तेव्हा इथे सांगून जा हं कुणाला तरी. ती आली आणि कप्पा रिकामा दिसला, तर जाईल कुठे?"

बदलीची नुसती आवई होती. तसं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांच्यादेखत कप्प्याला कुलूप लावून किल्ली माझ्या मंगळसूत्रात ओवली.