अण्णांचे टाके आणि माझे कडक स्प्रिंग

मंडळी, ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेस ट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवसासाठी, मी माझ्या टर्बो हॅचबॅकच्या सस्पेन्शनला कडक स्प्रिंग बसवले होते. वळणावर गाडी जराही झुकत नाही म्हणून खूश होतो.

हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या वडिलांना आज सकाळी नगरहून देवळालीला घरी आणलं. ते पोटाशी उशी धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला डोळे घट्ट मिटत होते.

"अण्णा, दुखतंय का?"

"न्हाई रे. गाडी लई भारी हाय तुझी. फक्त खड्डा आला की आधी सांगत जा."

उरलेला रस्ता अगदी हळू काढला.

दुपारी गॅरेजला जाऊन जुने मऊ स्प्रिंग परत बसवले. ट्रॅकसाठी घातलेले नवे ब्रेक आणि टायर तेवढे तसेच ठेवले. ट्रॅकवर मागे पडेन, चालेल.

रोजची आणि ट्रॅकची गाडी एकच असलेल्यांनो, तुम्ही घरच्यांसाठी काय बदललंत?