अकरा दिवसांची शांती

नाताळच्या दिवशी आमच्या भागात दोनच दुकानं उघडी असायची. एक औषधांचं आणि दुसरं काचवाल्याचं. औषधांचं एक समजण्यासारखं आहे, पण सणाच्या दिवशी काच कोणाला लागते? त्याच्या दुकानावरच्या खोलीत मी नवीन राहायला आले होते, तेव्हा त्याला हे विचारलं होतं. तो पुट्टी मळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "सकाळी प्रार्थना, दुपारी बाटली, आणि चारपासून माझं गिऱ्हाईक."

ते खरंच होतं. चारच्या सुमारास फोन वाजायला लागायचा. कोणाच्या दाराची काच, कोणाच्या कपाटाचा आरसा, कोणाचं खिडकीचं तावदान. कारणंही ठरलेली: वारा, मांजर, पोरांचा चेंडू. काचवाला सगळं ऐकून घ्यायचा आणि माप विचारायचा. चेंडूनं फुटलेली काच घरात पडते आणि आतून काही भिरकावलं तर ती बाहेर पडते, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तो कोणाला तसं बोलला नाही. "मी काच बसवायला जातो, पंचनामा करायला नाही," एवढंच म्हणायचा.

बोलायला त्याला तोंडही नव्हतं. एके काळी तो स्वतःच आमच्या भागातला नावाजलेला दारुडा होता. प्यायचा रोजच, पण इतर दिवशी चोरून. नाताळला चोरी नसायची. त्या दिवशी जो तो त्याच्या हातात पेला द्यायचा. आज चालतं, आज सण आहे.

त्याची एक गोष्ट लोक अजून सांगतात. एका नाताळला तो चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेलाच झिंगून आला. गाणी चालू असताना सगळ्यांच्या वरचा सूर लावून गायला, मग डुलत डुलत पुढे गेला आणि गव्हाणीचा जो देखावा मांडला होता, त्यातल्या गवतावर आडवा झाला. मातीच्या बैलाच्या पाठीवर डोकं ठेवून घोरायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "यंदा मेंढरात एक वाढलं." सगळं देऊळ हसलं. फादरनीसुद्धा पुस्तक तोंडापुढे धरलं. मग त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी उठल्या, दोघींनी दोन बाजूंनी काखेत हात घालून त्याला उचललं आणि मधल्या वाटेनं बाहेर नेलं. मुलीच्या नव्या फ्रॉकला गवत चिकटलं होतं.

लोकांना गोष्ट एवढीच ठाऊक आहे. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याची थोडी उतरली. त्यानं विचारल्यावर सकाळी काय झालं ते बायकोनं सांगितलं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की त्याला राग यायचा. त्यानं पाण्याचा काचेचा जग उचलून भिंतीवर फेकला. एक तुकडा उडून मुलीच्या भुवईत घुसला. आईनं टॉवेलनं दाबून धरलं, पाच टाके पडले, आणि शाळेत पोरीनं सांगितलं की ती जिन्यावरून पडली.

ती पंधरा वर्षांची असताना तो सुटला. म्हणजे दारूतून. ऐन डिसेंबरात सकाळी अकरा वाजता पिऊन शिडीवर चढला होता, हातात तावदान. तावदानासकट खाली आला. मनगट इतकं कापलं की आतल्या दोऱ्या दिसल्या. अकरा दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर हा हात विसरा." काचवाल्याचा हात गेला तर मागे काय राहतं? तो घाबरला आणि त्यानं दारू सोडली. एवढंच झालं होतं.

पण तो सांगायचा वेगळं.

देवळामागच्या खोलीत दारू सोडलेल्या माणसांचा एक गट जमायचा. एक निवृत्त मास्तरीणबाई तो चालवायच्या आणि मी चहाचं बघायची. नाताळनंतरच्या रविवारी तिथे मोठी बैठक असे, फादर येत, घरचे लोक येत, आणि काचवाला आपली गोष्ट सांगे. डोळे उघडले तेव्हा खाटेशी बायको उभी होती, तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि त्या क्षणी आपण माणसात आलो. "एकोणीस वर्षं ती थांबली," तो म्हणायचा. "तिच्या थांबण्यानं मला तारलं." बायका पदरानं डोळे पुसायच्या. फादर म्हणायचे, हाच खरा नाताळ. मीसुद्धा दोनदा रडले आहे.

बायको दवाखान्यात आलीच नव्हती. हे त्यालाही पुष्कळ वर्षं नीट आठवत नव्हतं. सांगून सांगून त्याची खोटी गोष्टच त्याला खरी वाटायला लागली होती. दारू सोडल्याला आठ वर्षं झाली तेव्हा ती आजारी पडली, शेवटचं आजारपण. एका दुपारी तो तिला संत्रं सोलून देत होता. म्हणाला, "तू थांबलीस म्हणून मी माणसात आलो."

ती म्हणाली, "मी थांबले नव्हते हो."

तो फोड हातात धरून बसून राहिला.

"तुम्ही दवाखान्यात होतात ना, ते अकरा दिवस," ती म्हणाली. "मध्ये नाताळ आला होता. आम्ही दोघींनी मेणबत्त्या लावल्या, जेवलो, पोरीनं एक गाणं म्हटलं. कोणी काही फोडलं नाही. आयुष्यात मला तेवढा एक नाताळ मिळाला. दुसऱ्या दिवशी मी ताईला पत्र टाकलं, आम्ही दोघी तुझ्याकडे येतो म्हणून. बॅगही भरली होती. आणि मग तुम्ही सुधारून आलात." ती जरा दम खात थांबली. "पिणाऱ्याला सोडलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. सुधारलेल्याला सोडलं असतं तर मलाच नावं ठेवली असती. मग बॅग रिकामी केली."

रागानं नाही बोलली. दूध नासलं तर माणूस जसं सांगतं, तसं सांगितलं. महिन्याभरात ती गेली. काचवाल्यानं हे कोणाला सांगितलं नाही आणि बैठकीतली गोष्टही बदलली नाही.

आईच्या मागे मुलीनं बापाशी जेमतेम संबंध ठेवला. लग्न केलं ते गाड्यांना रंग मारणाऱ्या एका हसऱ्या मुलाशी. बापाला आमंत्रण होतं, पण पाहुण्यासारखं. पुढे नात झाली. ती सहा वर्षांची होईपर्यंत काचवाल्यानं तिला चार वेळा पाहिलं असेल.

त्या वर्षी नाताळला साडेचारला फोन आला. आवाज मुलीचा होता. तिनं "बाबा" म्हटलं नाही.

"बाहेरच्या खोलीची खिडकी आहे. तावदान गेलंय. दुसरं कोणी आज उघडं नाही."

"कशानं गेलं?" त्यानं विचारलं. हे तो कोणालाच विचारत नसे.

"शेजारच्या मुलांचा चेंडू."

तो पाठीला काच बांधून सायकलनं गेला. फाटकातून आत शिरताना बुटाखाली कचकच आवाज झाला. सगळे तुकडे अंगणात होते. त्यांच्यात एका बशीचे दोन तुकडेही होते, निळ्या काठाचे.

खोलीत जेवणाचं टेबल अर्धं मांडलेलं होतं. जावई आतल्या खोलीत पालथा झोपला होता, दाराच्या फटीतून त्याचे मोजे दिसत होते. नात टेबलाखाली बसून कागदाच्या टोपीचे बारीक बारीक तुकडे करत होती. आजोबा आले तरी बाहेर आली नाही. मुलीनं लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता आणि डावा हात अंगाशी धरला होता.

त्यानं पटाशीनं जुनी पुट्टी उकरली, चौकट साफ केली, माप घेतलं. काच कापण्याआधी दोनदा मोजली.

"काच बाहेर पडलीय," तो शेवटी म्हणाला.

ती उजव्या हातानं टेबलावरच्या बशा गोळा करायला लागली.

"हात दाखव."

"काच बसवा तुम्ही."

"पोरीला घेऊन माझ्याकडे चल. आत्ता चल. दुकानामागची खोली रिकामी करतो."

ती हसली. त्याला त्या हसण्याची भीती वाटली, कारण ते तिच्या आईचं होतं. "मी का येऊ? तो वाईट नाही. प्यायला की होतं असं. उद्या पाया पडेल, रडेल. सुधारेल तो. तुम्ही नाही का सुधारलात?"

"माझं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? आई एकोणीस वर्षं थांबली. मला तर सातच झालीत." मग ती जवळ आली आणि पहिल्यांदाच त्याच्याशी जरा मऊ बोलली. "रविवारी मी त्याला बैठकीला आणतेय. कबूल केलंय त्यानं. तुम्ही तुमची ती गोष्ट सांगा, दवाखान्याची. नेहमीसारखी सांगा. त्याला ऐकू दे. बाबा, एवढं करा माझ्यासाठी."

सोळा वर्षांत तिनं बापाकडे काही मागितलं नव्हतं.

काच बसवून तो परत आला. त्या दिवशी आणखी तीन फोन आले, त्यानं उचलले नाहीत. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तो पायरीवर बसून आहे, आणि मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, दमलो."

रविवारी खोली भरली होती. दुसऱ्या रांगेत मुलगी, शेजारी जावई. दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले, चेहरा शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. फादर शांतीवर दोन शब्द बोलले. मास्तरीणबाईंनी काचवाल्याला उभं केलं. मुलीनं नवऱ्याला हलकेच कोपर लावलं: ऐक.

काचवाल्यानं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाला, "मी दरवर्षी इथं खोटं बोललो."

कोणीतरी खोकलं. मी किटली खाली ठेवली.

"माझी बायको दवाखान्यात आली नव्हती. बरं केलं. तिच्या प्रेमानं मी सुधारलो नाही. तिचं प्रेम मी एकोणीस वर्षं पायदळी तुडवलं, मला काही झालं नाही. मी सुधारलो ते हात जाईल म्हणून. आपण म्हणतो, पृथ्वीवर शांती. माझ्या घरात ती अकरा दिवस होती, आणि त्या अकरा दिवसांत मी घरात नव्हतो. हे तिनंच मला सांगितलं. बॅग भरली होती तिनं. मी जरा उशिरा सुधारलो असतो तर ती वाचली असती." त्यानं मुलीकडे पाहिलं नाही. "इथं कोणी कोणासाठी थांबलं असेल, तर माझ्याकडे बघून थांबू नका. हजारातला एक घाबरून सोडतो. नऊशे नव्याण्णवांच्या बायका मोजायला कोणी बसत नाही."

तो खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. मास्तरीणबाई म्हणाल्या, "चहा घेऊ या."

जावई उठला, हसतच. "चल," तो बायकोला म्हणाला, इतक्या मोठ्यानं की सगळ्यांना ऐकू जावं. "तुझा बापच म्हणतो, माझं काही खरं नाही. मग कशाला उगाच?" आणि बाहेर पडला. संध्याकाळी तो कुठे बसला होता ते सगळ्या गल्लीनं पाहिलं.

मुलगी दारापाशी थांबली. काचवाला तिच्याजवळ गेला.

"मी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला मन मोकळं करायला आजचाच दिवस मिळाला?"

"खरं होतं ते."

"खरं तुम्ही सोळा वर्षांपूर्वी सांगायचं होतं. आईला."

पुढच्या वर्षी मास्तरीणबाईंनी त्याला बोलायला बोलावलं नाही. एक तरुण कंपाउंडर बोलला, त्याची गोष्ट छान होती, लोक रडले. काचवाला मागे खुर्च्या लावत होता. चौदा महिने मुलीचा फोन नव्हता. त्या महिन्यांत तिच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते मी लिहिणार नाही. एवढं सांगते की तिचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

मग एके दिवशी ती मुलीला घेऊन मावशीकडे गेली, तिच्या आईनं पत्र टाकलं होतं त्याच मावशीकडे. बापाला कळवलं ते दोन महिन्यांनी. तिथं एका छापखान्यात बांधणीचं काम मिळालं होतं. काचवाल्यानं विचारलं, "माझं बोलणं ऐकून निघालीस का?" ती म्हणाली, "नाही. पोरगी भीतीनं तोतरं बोलायला लागली होती, म्हणून."

आता तो महिन्यातून एकदा बसनं तिकडे जातो. तासभर थांबायची परवानगी आहे. नात त्याला शुद्धलेखन वाचून दाखवते, मुलगी दुसऱ्या खोलीत इस्त्री करते. मागच्या खेपेला निघताना त्यानं धीर करून विचारलं, "मला माफ केलंस का गं?"

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाली, "विचारू नका बाबा. विचारलंत तर उत्तर द्यावं लागेल. तुमची बस पाच दहाची आहे ना?"